खिशातला सुटा सेल: ओवेन्सबरोच्या पेट्रोल पंपावरचं प्रकरण

फेब्रुवारी 2016. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं ओवेन्सबरो शहर, तिथल्या एका पेट्रोल पंपाचं दुकान. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक उभं आहे. काही विशेष चाललेलं नाही. आणि एकाएकी त्याच्या पँटीच्या खिशातून भुईनळा पेटावा तशा ठिणग्या उसळायला लागतात, पाठोपाठ ज्वाळा. माणूस दाराकडे धावतो, अंगावरची पँट उतरवायची धडपड करत बाहेर पडतो. दुकानातला कर्मचारी आग विझवायचं नळकांडं घेऊन त्याच्यामागे जातो. हे सगळं दुकानातल्या कॅमेऱ्याने टिपलं आणि पुढच्या काही दिवसांत जगभर लोकांनी पाहिलं. त्या माणसाच्या पायाला सेकंड डिग्री भाजलं होतं, म्हणजे कातडीचा वरचा थर जाऊन खालच्या थरापर्यंत. खिशात होता ई-सिगारेटचा सेल.

मी हा व्हिडिओ आजवर किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. भोसरीत बॅटरी पॅक जोडण्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे आणि आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला हा व्हिडिओ दाखवतो. बघणारा दर वेळी एकच म्हणतो, "सिगारेट फुटली." नाही. सिगारेट फुटलेली नाही. ओढण्याचं ते यंत्र या घटनेला निमित्त आहे, इतकंच. जे फुटलं ते रोज आमच्या हातातून शेकड्याने जातं आणि ज्या माणसाच्या खिशात ते फुटलं त्याला ते काय आहे हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे प्रकरण मी व्यसनाचं म्हणून लिहीत नाही. मला ते सुट्या सेलचं प्रकरण वाटतं.

सेल हातात घेऊन बघितला तर

मोठ्या ई-सिगारेटींमध्ये, ज्यांना तिकडे 'मॉड' म्हणतात, बहुतेक वेळा 18650 नावाचा सेल असतो. नाव म्हणजे मापच आहे: जाडी 18 मिलिमीटर, लांबी 65 मिलिमीटर, आणि शेवटचं शून्य तो गोल नळीसारखा आहे हे सांगायला. आम्ही कारखान्यात 'एटीन सिक्स फिफ्टी' म्हणतो. पेन्सिल सेलपेक्षा जरा उंच, जरा जाड. वजन साधारण 45 ग्रॅम. सोनीने 1991 साली लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. पुढे 18650 हा आकार लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमध्ये रुळला आणि आता तो टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत, ड्रिल मशीनमध्ये, सायकलच्या पॅकमध्ये सगळीकडे आहे.

दिसायला पेन्सिल सेलसारखा असल्यामुळेच फसगत होते. पेन्सिल सेल आपण लहानपणापासून खिशात, ड्रॉवरमध्ये, दप्तरात टाकत आलो. हा तसा नाही. सेल उभा धरून वरच्या टोकाकडे बघा. मधोमध एक बटण आहे, ते धन टोक. बटणाभोवती एक पांढरी गोल चकती आहे, पातळ कागदासारखी. त्या चकतीखाली स्टीलच्या डब्याची आत दुमडलेली कड आहे आणि ती कड ऋण आहे. ऋण टोक म्हणजे फक्त तळ, असा आपला समज असतो. इथे तळापासून वरच्या कडेपर्यंत आख्खा डबाच ऋण. बटण आणि कड यांच्यात अंतर काही मिलिमीटरांचं. मध्ये काय, तर ती चकती आणि कागदाच्या जाडीचं रंगीत प्लॅस्टिकचं वेष्टन. नखाने ओरबाडलं तरी त्या वेष्टनाला कडेपाशी चीर जाते. मी मुलांना फाटक्या वेष्टनाचा एक रिकामा केलेला सेल हातात देतो आणि एक रुपयाचं नाणं वरच्या टोकावर तिरकं टेकवायला सांगतो. नाणं बटण आणि कड एकाच वेळी शिवतं. तेवढं पुरतं. मग पुढचं फार सांगावं लागत नाही.

पॅकमध्ये हाच सेल बसतो तेव्हा त्याच्याभोवती बरंच काही असतं. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडलेली, प्रत्येक सेलच्या वरच्या टोकाला चिकट इन्सुलेटरची जादा चकती, सगळ्यांवर नजर ठेवणारं बीएमएस सर्किट, त्यावर कडक खोकं. प्रवाह हद्दीबाहेर गेला की बीएमएस तोडतं, सेल जास्त भरायला लागला की तोडतं, तापला की तोडतं. सेल बनवणाऱ्याने तो याच घरात राहील असं धरून बनवलेला असतो. घर काढून टाका आणि सेल एकटा माणसाच्या हातात द्या, मग ही सगळी राखण त्या माणसाच्या सावधपणावर येऊन पडते.

खिशातलं अर्ध मिनिट

खिशात सुटा सेल आणि बरोबर किल्ल्या किंवा चिल्लर. चालताना, बसताना, गाडीत वाकताना खिशातल्या वस्तू एकमेकींवर घासतात. किल्लीचा दात कडेपाशी वेष्टन कापतो आणि कधीतरी बटणाला आणि कडेला एकदम टेकतो. सेल शॉर्ट झाला.

आकडे मांडून बघू, म्हणजे यातला वेग कळेल. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब 4.2 व्होल्ट. ई-सिगारेटला जोरात प्रवाह लागतो, म्हणून तिच्यासाठी घेतलेल्या सेलचा आतला रोध मुद्दाम कमी ठेवलेला असतो, धरा 20 मिलिओहम. किल्ली आणि टेकण्याच्या जागेचा रोध आणखी तेवढाच धरला तर प्रवाह निघतो 100 अँपिअरच्या घरात. त्यातून सेलच्या पोटात 200 वॉट उष्णता तयार होते. 45 ग्रॅमच्या वस्तूत 200 वॉट म्हणजे सेकंदाला चार-साडेचार अंश. अर्ध्या मिनिटात सेलचं पोट दीडशे अंशांकडे पोचतं. किल्ली नीट टेकली नाही तर वेळ जास्त लागेल, पण दिशा तीच.

तिथून पुढे बाहेरच्या किल्लीची गरजच उरत नाही. शंभर अंशांच्या आसपास ऋण पत्र्यावरचा संरक्षक थर मोडायला लागतो आणि तो मोडताना स्वतः उष्णता देतो. सुमारे 130 अंशांना धन आणि ऋण पत्र्यांमधला पॉलिथिनचा पडदा वितळतो, थोड्या वेळात पत्रे एकमेकांना भिडतात आणि शॉर्ट आतल्या आत होतो. दोनशेच्या आसपास आणि त्यापुढे धन बाजूचा ऑक्साइड प्राणवायू सोडायला लागतो. आतला द्रव म्हणजे सेंद्रिय कार्बोनेटांचं मिश्रण, ज्वालाग्राही. इंधन आत, प्राणवायू आत, उष्णता आत. याला थर्मल रनअवे म्हणतात आणि एकदा सुरू झालेला तो थांबवता येत नाही. फक्त सेल थंड करत राहता येतं, म्हणजे शेजारचं काही पेटू नये. अडीच अँपिअर-तासाच्या एका सेलमध्ये साठलेली वीजच सुमारे 32 हजार ज्यूल असते. एवढी उष्णता त्याच 45 ग्रॅमच्या सेलला सातशे अंशांनी तापवायला पुरेल आणि त्यात जळणाऱ्या द्रवाची उष्णता अजून धरलेलीच नाही.

ओवेन्सबरोच्या त्या ठिणग्या, ती ज्वाळा यातूनच आली. बघणाऱ्याला स्फोट एका क्षणाचा वाटतो. खरं तर आधीची काही सेकंदं सेल गुपचूप तापत असतो आणि जाड कापडाच्या आड ते कळायला उशीर होतो.

हे अर्ध मिनिट मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडे नवीनच आलेला एक मुलगा, वय एकोणीस-वीस. जेवणाच्या सुट्टीआधी तपासायचे राहिलेले दोन सेल त्याने ट्रेमध्ये न ठेवता पँटीच्या खिशात टाकले, त्याच खिशात स्कूटरची किल्ली. डबा उघडून बसलो होतो, तो घास हातात धरून म्हणाला, "दादा, खिसा चटका देतोय." मला पुढचं सगळं दिसलं. मी ओरडलो, "हात घालू नको! खिसा उलटा कर, बाहेरून ओढ!" त्याने उभं राहून कापडाला धरून खिसा उलटा केला, सेल फरशीवर पडले, किल्ली वेगळी झाली. एक सेल हाताला धरवत नव्हता. चिमट्याने उचलून अंगणातल्या वाळूच्या बादलीत टाकला आणि तासभर तिथेच ठेवला. तो फुटला नाही, कारण ते सेल तपासणीचे असल्यामुळे अर्धेच भरलेले होते आणि किल्ली वेळेत सुटली. पोराच्या मांडीवर रुपयाएवढा लाल डाग, एवढ्यावर भागलं. किल्लीच्या टोकाला मात्र वेल्डिंग झाल्यासारखा काळा खड्डा पडला होता. ती किल्ली त्याने बदलली, जुनी मी मागून घेतली. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

त्या दिवशी चूक त्याची नव्हती. पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं ते आम्ही सांगितलं नव्हतं. व्हिडिओ दाखवण्याची पद्धत त्यानंतर सुरू झाली.

जखम

भाजल्याच्या जखमा डॉक्टर रोज बघतात, पण या जखमांनी त्यांनाही थांबून विचार करायला लावला. सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ऑक्टोबर 2015 ते जून 2016 या नऊ महिन्यांत ई-सिगारेटच्या स्फोटाचे 15 रुग्ण पाहिले आणि 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ते मांडले. ज्वाळेने भाजलेले 80 टक्के, रसायनाने भाजलेले 33 टक्के, स्फोटाच्या माऱ्याने जखमी 27 टक्के. बेरीज शंभरापुढे जाते, कारण एकाच माणसाला दोन-दोन प्रकारच्या जखमा होत्या. हीच तर या दुखापतीची खोड आहे. उकळत्या तेलाने भाजलं तर ते फक्त भाजणं असतं. इथे ज्वाळा, तापलेले धातूचे तुकडे आणि सेलमधलं रसायन हे तिन्ही एकाच जागी, एकाच क्षणी.

खिशातल्या स्फोटात जागाही ठरलेल्या: मांडीची पुढची आणि बाहेरची बाजू, जांघ, पुष्कळदा जननेंद्रियं, आणि हात. हात का, तर माणूस जळती वस्तू खिशातून उपसायला जातो. त्यात पँट पॉलिस्टरची असेल तर कापड वितळून कातडीला चिकटतं. बऱ्याच रुग्णांना कातडी लावायची शस्त्रक्रिया करावी लागते, म्हणजे दुसऱ्या मांडीवरची पातळ कातडी काढून इथे बसवायची.

रसायनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण उपचार इथेच चुकतो. सेलमधल्या द्रवात लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट नावाचं क्षार असतं. ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल निघू शकतं. हे आम्ल कातडीतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि वरून छोट्या दिसणाऱ्या जखमेखाली वेदना भलतीच असते. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात. दुसरीकडे सेलमधल्या लिथियमच्या संयुगांपासून अल्कली तयार होते, तीही कातडी विरघळवत आत जाते. म्हणून ब्रिटनमधल्या, भाजण्यावर उपचार करणाऱ्या काही डॉक्टरांनी मांडीच्या अशा जखमांचे रुग्ण मांडताना आग्रह धरला की आधी जखमेवर पीएचची पट्टी टेकवून बघा. शाळेतला लिटमस कागद आठवा, तसलाच प्रकार. जखम अल्कलीची निघाली तर पाण्याऐवजी खनिज तेलाने धुवा असंही त्यांनी सुचवलं, कारण लिथियम धातू पाण्याशी भडकतो. यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. सेलची रचना ओळखणारा म्हणून मला पाण्याची बाजू पटते: लिथियम-आयन सेलमध्ये शुद्ध लिथियम धातू जवळपास नसतोच, लिथियम आयनांच्या रूपात पत्र्यांच्या थरांमध्ये शिरलेलं असतं. शिवाय घटनेच्या जागी खनिज तेल कुणाकडे असणार? तिथे पहिली गरज थंड करण्याची आहे. विमानात बॅटरी पेटली तर पाणी किंवा मद्य नसलेलं कुठलंही पेय ओतून ती थंड करा असंच अमेरिकेचं हवाई वाहतूक प्रशासनही सांगतं.

तेव्हा माणसाच्या अंगावर हे घडलं तर कपडा लगेच उतरवायचा, चिकटलेला भाग मात्र ओढायचा नाही. नळाचं साधं थंड पाणी वीस मिनिटं. वीस म्हणजे घड्याळ बघून वीस. बर्फ नको. आणि आपल्या घरांमध्ये भाजलं की टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस जे काही फासतात त्यातलं काहीही नको. पेस्टच्या थराखाली डॉक्टरांना जखमेची खोलीही दिसत नाही आणि पीएचची पट्टी पेस्टचाच पीएच दाखवते.

खिसा आणि तोंड

ओवेन्सबरोचं प्रकरण खिशाचं होतं. यंत्र तोंडात असताना फुटलं तर गोष्ट वेगळ्या थराला जाते. नळीच्या आकाराच्या यंत्रात सेल बंद असतो, वायू सुटायला वाट नसली तर दाब वाढत जातो आणि नळीची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे टोक सुटतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने, यूएसएफएने, 2014 च्या पहिल्या अहवालातच याची तुलना पेटत्या अग्निबाणाशी केली होती. नेव्हाडात 2018 साली एका 17 वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा असाच फुटला, दात गेले. त्याला सॉल्ट लेक सिटीच्या मुलांच्या रुग्णालयात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी ते प्रकरण 2019 मध्ये प्रसिद्ध केलं. फ्लोरिडात मे 2018 मध्ये आणि टेक्सासमध्ये जानेवारी 2019 मध्ये माणसं दगावली. एकाच्या डोक्यात यंत्राचे तुकडे घुसले, दुसऱ्याच्या मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली.

यातल्या काही यंत्रांत, ज्यांना मेकॅनिकल मॉड म्हणतात, सर्किट नावाचं काही नसतंच. सेल, बटण आणि तार. तारेचा रोध 0.15 ओहम ठेवला तर 4.2 व्होल्टला 28 अँपिअर ओढले जातात, आणि सेल कदाचित 20 अँपिअरचा. ही साधी भागाकाराची गोष्ट आहे, पण ती विकत घेणाऱ्याने करावी अशी अपेक्षा कशी धरायची?

मोजदाद

यूएसएफएने जुलै 2017 मध्ये दुसरा, मोठा अहवाल काढला. 2009 ते 2016 या आठ वर्षांत अमेरिकी बातम्यांमध्ये आलेल्या 195 घटना त्यांनी गोळा केल्या. जखमी 133, त्यातले 38 गंभीर. यंत्र किंवा सुटा सेल खिशात असताना 61 घटना, ओढताना 60, चार्जिंगला असताना 48. आधीच्या अहवालात 25 च घटना होत्या आणि त्यातल्या 80 टक्के चार्जिंगच्या. दोन-तीन वर्षांत धोका भिंतीवरच्या सॉकेटमधून निघून माणसाच्या खिशात आला, असं या दोन आकड्यांवरून दिसतं. माझ्या मते याचं कारण सरळ आहे: त्या काळात सेल बदलता येणारी मोठी यंत्रं वाढली आणि माणसं जादा सेल बरोबर बाळगायला लागली.

त्या अहवालाचं एक म्हणणं मला फार नेमकं वाटतं. स्फोटाचा धोका माहीत असलेली बॅटरी शरीराच्या इतक्या जवळ नेणारी दुसरी कुठलीही वापरातली वस्तू नाही आणि जखमा इतक्या वाईट होण्याचं मुख्य कारण ही जवळीकच आहे, असं तिथे म्हटलं आहे.

पण 133 हा आकडा वर्तमानपत्रात छापून आलेल्यांचा. अमेरिकी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांच्या नमुन्यावरून पुढे संशोधकांनी अंदाज काढला तेव्हा 2015 ते 2017 या तीनच वर्षांत सुमारे 2,035 जखमी निघाले. ओवेन्सबरोत कॅमेरा होता म्हणून तो माणूस आपल्याला माहीत झाला.

दोष कुणाचा

व्हिडिओखाली लोकांनी काय लिहिलं असेल हे सांगायला नको. किल्ल्यांबरोबर सेल ठेवतात का, ओढा अजून. मला हा राग समजतो, पण तो चुकीच्या माणसावर निघतो. दुकानात हा सेल नुसता विकला जातो. त्याच्यासोबत पाच-दहा रुपयांत बनणारी प्लॅस्टिकची डबी दिली असती तर खिशातल्या घटना जवळजवळ घडल्याच नसत्या. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सल्ला देतं की सुटे सेल डबीत ठेवा, नाणी-किल्ल्यांना लागू देऊ नका, वेष्टन फाटलेला सेल वापरू नका. सल्ला उत्तम. पण तो गिऱ्हाइकाला दिलेला सल्ला आहे, विकणाऱ्यावर घातलेलं बंधन नाही.

सेल बनवणारे काय म्हणतात? मोठ्या कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही हे सेल पॅक बनवणाऱ्या कारखान्यांना विकतो, एकेकट्या गिऱ्हाइकाला नाही; सुटे सेल वापरू नका असे इशारेही त्यांनी दिले आहेत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी 2021 मध्ये जवळपास हीच गोष्ट जाहीर इशारा म्हणून सांगितली: 18650 सेल पॅकमध्ये बसवण्यासाठी बनवलेले आहेत, सुटे विकत घेऊ नका आणि वापरू नका. मधली साखळी मात्र कुणाचीच नसते. कारखान्यातून निघालेला सेल कुठल्या तरी व्यापाऱ्याकडे जातो, तिथून नवं वेष्टन आणि फुगवलेले आकडे घालून दुकानात येतो, दुकानातून खिशात.

या साखळीवर न्यायालयात बोट ठेवलं गेलं ते टेक्सासमध्ये. एका माणसाच्या खिशात ई-सिगारेटसाठीचा 18650 सेल फुटला. त्याने सेल बनवणाऱ्या एलजी केमवर दावा लावला. कंपनी म्हणाली, टेक्सासमध्ये आम्ही हे सेल उद्योगांना विकले, याच्यासारख्या गिऱ्हाइकांना नाही, त्यामुळे इथल्या न्यायालयाला आमच्यावर अधिकार नाही. मे 2023 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. तुम्ही हेच उत्पादन या राज्याच्या बाजारात आणलंत, तेव्हा दावा इथे चालेल, असा निकाल दिला. दोष कुणाचा हे त्या निकालाने ठरवलेलं नाही, फक्त दरवाजा उघडला. तरीही माझ्यासारख्या, सेलच्या धंद्यात पोट भरणाऱ्या माणसाला तो निकाल फार मोठा वाटतो. "आम्ही त्याला विकलाच नव्हता" हे वाक्य म्हणून हात झटकता येणार नाहीत, एवढं तरी त्यातून झालं.

आपल्याकडे

भारतात ई-सिगारेटवर सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकमाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायद्याने बंदी आली. बनवणं, आणणं, नेणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही; नुसत्या साठवण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे जे काही इथे येतं ते चोरून येतं, आणि चोरून आलेल्या वस्तूचा सेल कुणी तपासलेला नसतो.

सेल मात्र चोरून येत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत 18650 सेल सुटे मिळतात. टॉर्च, पंखे, पॉवर बँका दुरुस्त करणाऱ्यांना ते लागतातच. त्यात वाईट काही नाही, मीही तिथूनच शिकलो. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 16046 हे मानक अशा सेलना लागू आहे, तेव्हा घेताना नोंदणीचा क्रमांक बघायचा. वेष्टनावर 18650 च्या आकारात 5,000 किंवा 9,900 मिलिअँपिअर-तास छापलेलं दिसलं की ठेवून द्यायचा; चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्येही या आकारात साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून उपसलेले सेल नवं वेष्टन चढवून विकले जातात, त्यांच्या तळावरचे वेल्डिंगचे टिपके बोलतात. आणि दुकानदाराकडून डबी मागून घ्यायची. नसेल तर बटणावर आणि तळावर चिकटपट्टी लावून घरी न्यायचा. विजेच्या स्कूटरच्या निमित्ताने या रसायनाची किंमत आपण मोजलेली आहे. 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून एका लहान मुलाचा जीव गेला.

आता शेवटचं, आणि हे मी ई-सिगारेट चोरून बाळगणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहितो. खिशात सेल फुटून कुणी भाजलं तर रुग्णालयात "स्टोव्हचा भडका उडाला" किंवा "गरम पाणी सांडलं" असं सांगू नका. 2019 च्या कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं कलम नाही. घरच्यांचा ओरडा बसेल, तो बसू दे. पण पाण्याने भाजलंय असं समजून डॉक्टर पीएचची पट्टी काढणार नाहीत, कॅल्शियमचं जेल मागवणार नाहीत, आणि आत शिरलेलं आम्ल रात्रभर काम करत राहील. दारातच सांगा, "लिथियमचा सेल फुटलाय." जमलं तर फुटलेला सेल पत्र्याच्या डब्यात वाळू घालून बरोबर न्या, म्हणजे वेष्टनावरचं नाव आणि नंबर त्यांना वाचता येईल.